सुट्टीच्या दिवसाचा आवाज

आमच्या कंपनीतले सगळे फोन ज्यांच्या ताब्यात होते, ते सर स्वतः कधीच फोन उचलत नसत. त्यांच्या टेबलावर काळा कुळकुळीत नवा फोन होता. तो रोज पुसला जायचा. वाजला की सर त्याच्याकडे बघत बसायचे. बंद झाला की उठून माझ्याकडे यायचे आणि विचारायचे, "मॅडम, आता कोणाचा दूरध्वनी होता?"

दूरध्वनी! जळगावात, पाइपच्या कारखान्यात, एकोणीसशे अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णवच्या सुमाराला, भर दुपारी, दूरध्वनी! माझं डोकंच उठायचं. मी ऑपरेटर होते. दिवसभर हेडफोन लावून बसायचं, शेतकरी, डीलर, ट्रकवाले, बँकवाले सगळ्यांशी गोड बोलायचं आणि वर या माणसाला पुन्हा वेगळा अहवाल द्यायचा. "सर, तुमचाच होता. तुम्हीच उचलायचा होता," असं मी म्हणायचे. ते म्हणायचे, "हो का? मग काय म्हणत होते ते?"

इंटरकॉमवर दोन शब्द बोलून जे काम झालं असतं, त्यासाठी सर चालत जायचे. डिस्पॅचची शेड आमच्यापासून चांगली लांब, मधे मोकळं मैदान. उन्हाळ्यात तिथून माणूस जाऊन आला की पाण्याचा अख्खा तांब्या प्यायचा. सर डोक्याला रुमाल बांधून तेवढं चालत जायचे आणि तिथल्या आबांना सांगायचे, "आपला रिसीव्हर नीट ठेवला गेलेला नाही." एवढंच. आणि तसेच परत. डिस्पॅचचे आबा म्हातारे, थट्टेखोर. ते मला फोन करून सांगायचे, "ताई, तुमचा चालता फोन येऊन गेला बरं का."

नवी सिस्टिम आली आणि सरांचं भाग्य उजळलं. जुना बोर्ड गेला, त्याच्या जागी एक सर्व्हर आला. एसी खोलीत तो एकटाच राहायचा. आम्ही मेले हॉलमध्ये घाम पुसतोय आणि तो गारव्यात. बसवायला पुण्याहून एक इंजिनिअर आला होता. त्यानं सरांच्या कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडून एक पेज दाखवलं. त्या पेजवर कंपनीतला प्रत्येक फोन दिसायचा. रिकामा असला तर हिरवा ठिपका, चालू असला तर लाल. कोणाचा फोन कोणाकडे वळवायचा, कोणाला एसटीडी द्यायचं, कोणाचं बंद करायचं, बाहेरच्या माणसाला आधी कोणता रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवायचा, सगळं तिथूनच. अडलं तर सर्व्हरसुद्धा तिथूनच बंद करून चालू करता यायचा. सर पेज बघत होते आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. लग्नातसुद्धा माणूस इतका खूश नसतो.

"म्हणजे कोणाशी बोलायची गरजच नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही ना! सगळं क्लिकवर," इंजिनिअर म्हणाला. मग सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा हसत म्हणाला, "तुमच्यासाठी तर हे बरंच आहे, ऱ्हायनू!"

आम्ही माना वर केल्या. इंजिनिअरला तेवढंच हवं होतं. ते दोघे पूर्वी पुण्यात एका कंपनीत होते म्हणे. सर तेव्हा नवे. पहिल्याच आठवड्यात फोन वाजला, पलीकडच्यानं विचारलं, कोण बोलतंय, आणि 'मी बोलतोय'च्या जागी यांच्या तोंडून घाबरून निघून गेलं, "मी बोली ऱ्हायनू." झालं. त्या दिवसापासून आख्ख्या ऑफिसनं त्यांचं नाव ऱ्हायनू ठेवलं. जेवताना ऱ्हायनू, पगाराच्या रांगेत ऱ्हायनू. इंजिनिअर हे सांगताना पोट धरून हसत होता. आमच्या हॉलमधलेही हसले. सरसुद्धा हसले, पण त्यांचे कान लालभडक झाले होते आणि हातातला माउस उगाच टेबलावर फिरत होता.

मी हसले नाही. मी हसणार कशी? मी अमळनेरची. आमच्या घरात आजी, आई, काकू, शेजारपाजार, सगळे अहिराणीच बोलायचे. भांडणं त्यात, लाड त्यात, पाळणे त्यात. पण ऑफिसात माझं मराठी असं चोपडं होतं की मुंबईचे लोक विचारायचे, तुम्ही पुण्याच्या का? मी हो म्हणायचे नाही, नाहीही म्हणायचे नाही. हसायचे फक्त. त्यामुळे सरांचे लाल कान बघून माझेच कान गरम झाले. यांचं उघडं पडलं, आता माझं पडेल, एवढंच माझ्या मनात आलं. काय म्हणावं अशा जिवाला!

सर साक्रीकडच्या एका खेड्यातले होते हे मला कळलं ते त्यांच्या डब्यामुळे. कॅन्टीनमध्ये ते सगळ्यांदेखत टोस्ट आणि चहा घ्यायचे. "मला सकाळी जड चालत नाही," असं म्हणायचे. आणि साडेबाराला स्कूटर बघून येतो म्हणून शेडमध्ये जायचे. एकदा मी तिकडे गेले तर सर स्कूटरच्या सीटवर डबा उघडून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा खात होते. मला बघून त्यांनी डब्याचं झाकण लावलं. आता भाकरीनं कोणाचं काय घोडं मारलं होतं? मीही काही कमी नाही, म्हटलं, "सर, गाडी मिळाली का तुमची?" आणि मागे फिरले. कळण्याचा वास नाकात घेऊन मी माझ्या डब्यातलं सँडविच खाल्लं.

पेज आल्यापासून सर केबिनच्या बाहेर पडेनासे झाले. दिवसभर ठिपके बघत बसायचे. त्यांचं एक वाक्य ठरलेलं झालं होतं, "पेजवर दिसतंय ना, मग बोलायचं कशाला?" डिस्पॅचवाल्यांचा फोन बिघडला, हे डिस्पॅचवाल्यांच्या आधी सरांना कळायचं आणि बसल्या जागी ते दुरुस्त करायचे. काम चोख होतं हो त्यांचं, त्यात खोट काढता यायची नाही. पण माणूस म्हणून काही थांग लागायचा नाही. केबिनच्या काचेतून ते दिसायचे, ठिपक्यांकडे बघून गालात हसणारे.

आता सुट्टीचं सांगते. आमच्या कंपनीची साप्ताहिक सुट्टी ज्या वारी असायची, त्याच वारी साक्रीचा बाजार. हे त्या वेळी माझ्या लक्षात यायचं कारण नव्हतं. सुट्टीच्या दिवशी कोणी फोन केला की मशीनमधली एक इंग्रजी बाई सांगायची, ऑफिस बंद आहे, टूं वाजलं की निरोप ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी ते निरोप मी स्पीकरवर लावायचे. आबा ऑर्डरी ऐकायला यायचे, अकाउंटवाले यायचे, चहा यायचा. निम्मे लोक नुसते ऐकायला यायचे.

एका सकाळी तीन-चार डीलरांच्या निरोपांनंतर एका म्हातारीचा आवाज आला. मागे बाजाराचा गलका होता.

"बाई, तू काय म्हनस ते मले समजत नही. मना आंडोरले फोन दे ना. फोननं काम करस तो तठे. जेवस का येळवर? बरा शे का? कितला दिवस व्हयनात, बोलत नही. त्याले सांग, मी त्यानी माय बोलस. मीटर पयी ऱ्हायनं. ठेवस."

हॉलमध्ये हशा पिकला. अकाउंटचा एक जण अमरावतीकडचा, तो म्हणाला, "कोणती भाषा आहे ही? कोण आंडोर?" आबांनी समजावलं, "आंडोर म्हणजे मुलगा. आई मुलाला शोधतेय." मग तर आणखीच ऊत आला. "कोणाची आई आहे, न्या रे बाबा!" कोणीतरी म्हणालं, "फोनचं काम म्हणजे आपले सर!" सगळ्यांनी काचेकडे बघितलं.

सर दारात उभे होते. ते म्हणाले, "चुकीचा क्रमांक लागलेला असावा. माझे कुटुंबीय असे बोलत नाहीत."

असं म्हणाले ते. शब्द न् शब्द मला आठवतो. मग तो अमरावतीचा माझ्याकडे वळला. "ताई, तुम्ही अमळनेरच्या ना? पुढचं काय म्हणाली ती?" मी म्हटलं, "काय की बाई, आमच्या घरी शुद्धच बोलतात. मला नाही कळलं." सरांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि मी सरांकडे. म्हातारी त्यांची होती आणि त्यांना ठाऊक होतं की मला ते कळलंय. आम्ही दोघांनी मिळून तिला घालवून दिलं. मी पुढचा निरोप लावला.

संध्याकाळी घरी निघताना सरांनी मला थांबवलं. म्हणाले, "मॅडम, ते सकाळचे निरोप किती दिवस राहतात?" मी म्हटलं, "आठवडाभर. मग मशीन आपोआप पुसून टाकतं." ते "बरं" म्हणाले आणि केबिनमध्ये परत गेले. काचेतून मला त्यांचं पेज दिसत होतं. मला वाटलं, पुसायला बसले असतील. बरं झालं, म्हटलं. सुटलो दोघेही.

पुसायला नव्हते बसले ते. हे नंतर त्यांनीच मला सांगितलं. त्यांना तो आवाज जपून ठेवायचा होता. वर्ष होत आलं होतं म्हणे त्यांना गावी जाऊन. आई बाजाराला आली की बूथवरून फोन करणार, म्हणून नंबर मागत होती. यांनी ऑफिसचा दिला. घराजवळचा दिला तर शेजारी ऐकतील. ऑफिसचा दिला, कारण बाजाराच्या दिवशी ऑफिस बंद असतं. तिचा फोन कधीच लागणार नाही, हे माहीत असून दिला. आणि आता मशीननं तिचा आवाज पकडला होता, तो त्यांच्यानं पुसवेना. टेपवर उतरवायचा तर मोठ्यानं वाजवावा लागला असता. म्हणून त्यांनी पेजवरूनच तो उचलला आणि जिथे कंपनीचे रेकॉर्ड केलेले आवाज ठेवलेले असतात तिथे नेऊन ठेवला. पहिल्या खणात माझा दिवसाचा आवाज, दुसऱ्यात जेवणाच्या सुट्टीचा. पाचवा खण रिकामा दिसत होता. त्यांनी आईला पाचव्या खणात ठेवलं.

पाचवा खण सुट्टीच्या दिवसाचा होता. आमच्यापैकी कोणी त्यात काही रेकॉर्ड केलं नव्हतं, म्हणून मशीन आपली इंग्रजी बाई वाजवत होतं. आता मिळाला आवाज.

पुढची सुट्टी झाली आणि सकाळी मी येऊन बघते तर निरोपांची ही रास! एवढे निरोप कधी आले नव्हते. चहा आला, माणसं जमली, मी स्पीकर लावला. पहिलाच डीलर हसून हसून बोलत होता, "माय, तुना आंडोर अठे नही शे वं, पन आमना पाइप कधय येतीन ते सांग!" दुसरा म्हणाला, "ओ कंपनीवाले, तुमच्या फोनवर कोणाची तरी आई बोलतेय." एक शेतकरी बिचारा खरंच गडबडला होता, "मावशी, मी तो नव्हे," असं तीनदा म्हणाला. हॉल नुसता फुटला होता. आबांनी बाहेरच्या लाइनवरून सुट्टीचा आवाज लावून बघितला आणि हात जोडून म्हणाले, "आपल्या त्या म्हातारीला नोकरी लागली रे!"

तेवढ्यात शेठ आले. मालक. त्यांनी आदल्या दिवशी घरून फोन केला होता आणि कंपनीच्या नावाऐवजी, जेवस का येळवर, असं ऐकलं होतं. "हा काय तमाशा आहे? कोण आहे ही बाई?" त्यांनी हॉलच्या मधोमध उभं राहून विचारलं. सर केबिनबाहेर आले. मशीन थांबवायचं मला सुचलं नाही, आणि पुढचा निरोप आपला आपण सुरू झाला.

तोच बाजाराचा गलका. तोच आवाज.

"हा, बोल माय, आयकस मी. मना बी तठेच शे वं. फोननंच काम करस. तुना आन मना संगेच बसत व्हतीन. तू कोना गावनी? बोली ते आपलीच शे तुनी."

ती थांबली. उत्तराची वाट बघत होती. मीटर पळतंय आणि म्हातारी वाट बघतेय. मग म्हणाली,

"बोलत नही? रडी ऱ्हायनी का? रडू नको वं. मना बी बोलत नही. त्यासले लाज वाटत व्हई आपली. वाटू दे. पोरे आपलाच शेतस. तुना सापडना ते मनावालाले बी सांग, तुनी माय बरी शे म्हना. मीटर पयी ऱ्हायनं. ठेवस."

पहिल्यांदा दोघं-तिघं हसले, सवयीनं. मग ज्यांना बोली कळत होती ते गप्प झाले आणि त्यांचं बघून बाकीचेही. आबांनी कपबशी खाली ठेवली. शेठ मारवाडी, त्यांना निम्मंच कळलं असावं. ते माझ्याकडे वळले, "काय म्हणाली? आणि ह्या दोन दोन बाया कोण आहेत?"

मला सगळं कळलं होतं. तुझा सापडला तर माझ्यालाही सांग, तुझी आई बरी आहे म्हणावं. लाज वाटत असेल त्यांना आपली, वाटू दे. माझ्या आजीनं म्हटल्यासारखंच ऐकू आलं मला ते. पण मी टेबलावरच्या पेन्सिली सरळ करत राहिले.

"दोन नाहीत शेठ," सर म्हणाले. "एकच आहे. स्वतःचाच आवाज तिला ओळखू आला नाही. तिला वाटलं, आपल्यासारखीच कोणीतरी दुसरी आई आहे. माझी आई आहे ती."

हे बोलताना त्यांनी मान खाली घातली नव्हती, पण कोणाकडे बघतही नव्हते. लाजेनं माणूस मेल्यासारखा होतो म्हणतात, तसे दिसत होते. मागच्या वेळी त्यांनी काय सांगितलं होतं, ते प्रत्येकाला आठवत होतं. शेठ जायला वळले. मग, "ते आवाजाचं नीट करून टाका," एवढंच हळू म्हणाले आणि आत गेले.

माणसं पांगायला लागली. सर माझ्या टेबलापाशी आले. मला वाटलं, आता पेजकडे जातील, खण रिकामा करतील. पण ते म्हणाले, "अक्का, एक बाहेरची लाइन द्या."

अक्का! मी त्यांच्यापेक्षा चांगली पंधरा वर्षांनी लहान. आणि लाइन त्यांना पेजवरून स्वतःच घेता आली असती. मी दिली. त्यांनी माझ्याच टेबलावरचा फोन उचलला, नंबर त्यांना पाठ होता, आणि सगळ्या हॉलदेखत मोठ्यानं म्हणाले,

"हा, कोन, बूथवाला भाऊ का? मी बोली ऱ्हायनू."

कोणी हसलं नाही.

"तो म्हातारीना आंडोर. हा, तोच. मनी माय बाजारले ई, तिले सांगजो, फोनवर ती बाई व्हती ना, तिना आंडोर सापडना. हा. सापडना म्हना. आन मी सुट्टीले घर ई ऱ्हायनू."

मुलगा सापडला आणि सुट्टीला घरी येतोय, असा निरोप देऊन त्यांनी रिसीव्हर नीट जागेवर ठेवला, रुमालानं पुसला आणि केबिनमध्ये जाऊन पाचवा खण रिकामा केला.

"काय म्हणाले हो ते फोनवर?" अमरावतीच्यानं मला हळूच विचारलं. मी म्हटलं, "काही नाही, घरचंच." ह्या खेपेलाही मी एवढंच म्हटलं.

सर सुट्टीला गावी गेले. परत आल्यावर डबा कॅन्टीनमध्ये उघडायला लागले, पण फोन न उचलण्याचं वेड काही सुटलं नाही. आबांकडे रुमाल बांधून चालत जाणं पुन्हा सुरू झालं. एकदा जेवताना मी त्यांना विचारलं, "सर, 'ती दुसरी बाई म्हणजे तूच होतीस', असं आईला सांगितलंत ना?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवला. म्हणाले, "नाही सांगितलं. दर बाजाराला मी बूथवर फोन लावतो तेव्हा ती विचारते, त्या बाईचा मुलगा आता तिच्याशी बोलतो का. मी सांगतो, हो, बोलतो. मग तिला बरं वाटतं." मग म्हणाले, "ती तूच, असं कोणत्या तोंडानं सांगू, अक्का?"

मी भाकरी खाल्ली. चांगली झाली होती, तेही मी त्यांना शुद्ध मराठीतच सांगितलं.